भौतिकशास्त्र कुणाच्या मालकीचे?

ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या नव्या शालेय शिक्षण आराखड्यातील एक सूचना वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. दहावीच्या परीक्षेत गणित व विज्ञान या विषयांत उत्तीर्ण होण्यास ३५ गुण लागतात. यापुढे २० गुण मिळविणाऱ्यासही अकरावीत जाऊ द्यावे, मात्र त्याच्या गुणपत्रिकेवर असा शेरा मारावा की या विद्यार्थ्यास गणित वा विज्ञान यांवर आधारलेले पुढील शिक्षण घेता येणार नाही, अशी ती सूचना. दोन-चार दिवस चर्चा झाली. काहींनी दर्जा घसरल्याची ओरड केली, तर काहींनी गरीब मुलांवरचा अन्याय एकदाचा दूर होत असल्याचे समाधान व्यक्त केले. आपल्या चळवळीतील बरेचसे मित्र या दुसऱ्या गटात होते. त्या सूचनेचे पुढे काय होईल यापेक्षा तिच्यामागे जो विचार उभा आहे, आणि जो आपल्यापैकी अनेकांना सहज मान्य झाला, त्याचा समाचार घेणे मला अधिक अगत्याचे वाटते.

या मित्रांच्या हेतूविषयी मला शंका नाही. गणित-विज्ञानाच्या भिंतीवर डोके आपटून शाळेबाहेर पडणारी मुले ही मुख्यतः शेतमजुरांची, हमालांची, ऊसतोड कामगारांची मुले असतात, हे तालुक्याच्या गावी एकतीस वर्षे आठवी ते दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकविताना मी पाहिले आहे. त्यांना अडवू नये, ही मागणी न्याय्यच आहे. परंतु अडवू नये म्हणजे मागच्या दाराने बाहेर काढावे, असा तिचा अर्थ होत नाही. जी व्यवस्था दहा वर्षांत एका मुलाला विज्ञानाची तोंडओळख करून देऊ शकली नाही, तिने स्वतःच्या नापास होण्याचा दाखला त्या मुलाच्या गुणपत्रिकेवर लिहून द्यावा, हा कुठला न्याय? शाळेत दोन वर्षे विज्ञानाचा शिक्षक नव्हता, प्रयोगशाळेचे कुलूप वर्षभर उघडले नाही, शिक्षक होता तो मतदार याद्यांच्या कामावर होता, याचा शेरा कुठल्या कागदावर मारायचा?

यावर नेहमीचे उत्तर तयार असते. सगळ्यांनाच कुठे शास्त्रज्ञ व्हायचे आहे? हे वाक्य मी संस्थाचालकांच्या तोंडून ऐकले, अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकले, आणि दुःखाची गोष्ट अशी की आपल्या अभ्यास शिबिरांतही ऐकले. सगळ्यांनाच कुठे आमदार व्हायचे आहे म्हणून नागरिकशास्त्र काढून टाका, असे मात्र कुणी म्हणत नाही. कोणते ज्ञान कुणाला पेलेल हे ज्याच्या हाती ज्ञान आहे त्यानेच ठरवायचे, ही रीत या देशात जुनी आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना जोतीराव फुल्यांनी जो आक्षेप घेतला होता तो नेमका हाच होता, की शेतकऱ्याच्या घामातून जमणारा पैसा वरच्यांच्या शिक्षणावर खर्च होतो आणि शेतकऱ्याचे मूल कोरडे राहते. तेव्हा वेदांचा अधिकार नाकारला जाई. आज न्यूटनच्या नियमांचा नाकारला जातो, तोही दयेच्या भाषेत, एवढाच काय तो फरक.

पण मुद्दा याहूनही खोल आहे. भौतिकशास्त्र ही अभिजनांनी अभ्यासिकेत बसून घडविलेली विद्या आहे आणि ती कष्टकऱ्यांपर्यंत आपण खाली नेऊन पोहोचवायची आहे, ही समजूतच मुळात खोटी आहे. आधुनिक भौतिकशास्त्राचा पाया ज्या ग्रंथाने घातला असे मानले जाते, तो गॅलिलिओचा 'दोन नवी विज्ञाने' हा ग्रंथ १६३८ साली हॉलंडमधील लायडन येथे छापला गेला. त्या ग्रंथाचा आरंभ कुठल्या विद्यापीठात होत नाही. तो व्हेनिसच्या जहाज बांधणीच्या गोदीत होतो. तिथे रोज राबणाऱ्या कारागिरांशी बोलून विचार करणाऱ्याला किती शिकायला मिळते, हे ग्रंथातील पात्रे प्रारंभीच मान्य करतात. पुढे थोड्याच पानांवर एका पंपाची हकीकत येते. टाक्यातील पाणी फार खाली गेले की पंप पाणी ओढीनासा होतो. मालकाला वाटते पंप बिघडला. तो दुरुस्त करणाऱ्याला बोलावतो. हा कारागीर पंप पाहतो आणि सांगतो की दोष पंपाचा नाही, पाण्याच्या पातळीचा आहे. अठरा हातांपेक्षा अधिक खोलीवरून असल्या पंपाने पाणी वर ओढले जाणारच नाही, मग पंप लहान असो वा मोठा.

अठरा हात म्हणजे सुमारे दहा मीटर. त्या अनाम कारागिराने जी मर्यादा सांगितली ती बरोबर होती. तिचे कारण गॅलिलिओने दिले ते मात्र चुकले. लांब दोर स्वतःच्याच वजनाने तुटावा तसा पाण्याचा स्तंभ तुटत असावा, असे त्याला वाटले. खरे कारण त्याचा शिष्य टॉरिचेली याने १६४३-४४ च्या सुमारास पाण्याऐवजी पारा वापरून दाखविले. पंप पाणी ओढीत नाहीच. बाहेरच्या हवेचा दाब ते वर ढकलतो, आणि हवेला सुमारे दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभच तोलून धरता येतो. १६४८ साली पास्कालच्या मेहुण्याने पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधला प्वी द दोम हा डोंगर चढला, आणि वर जावे तसा पारा नळीत खाली येतो हे पाहिले. कारागिराचा अनुभव, पंडिताची चूक, शिष्याचा प्रयोग आणि डोंगर चढून केलेली खातरजमा, असा हा क्रम आहे. भौतिकशास्त्राचा पाया म्हणून काही मुलांना द्यायचा असेल, तर तो या क्रमाचा द्यायला हवा. सूत्रांची यादी म्हणजे पाया नव्हे.

आता आपल्या गावाकडे या. विहिरीचे पाणी उन्हाळ्यात खाली गेले की काठावरचे इंजिन पाणी ओढत नाही आणि शेतकरी ते दोरांनी बांधून विहिरीच्या आतल्या कट्ट्यावर उतरवितो, हे दृश्य ज्या पिढीने पाहिले नाही अशी पिढी मराठवाड्यात वा नगर जिल्ह्यात नसेल. प्रत्यक्षात सात मीटरच्या आसपासच पंप दमतो, कारण जोडातून हवा शिरते, नळीत घर्षण असते. हे शेतकऱ्याला ठाऊक असते. त्याच्या मुलाला ठाऊक असते. आणि त्याच मुलाला वर्गात 'वातावरणीय दाब म्हणजे काय?' या प्रश्नाचे दोन गुणांचे उत्तर पाठ करावे लागते, ज्यात विहीर नाही, इंजिन नाही, बापाने रात्री दिव्याच्या उजेडात ओढलेला दोर नाही.

हे मी दुसऱ्या कुणाला दोष देण्यासाठी सांगत नाही. माझ्याच वर्गात एका मुलीने विचारले होते, "सर, इंजिन आत का उतरवतात?" मी तिला सांगितले की हा भाग परीक्षेला नाही. त्या दिवशी मला अभ्यासक्रम पुरा करायचा होता. मुलीने पुन्हा काही विचारले नाही. त्या वर्षी नाही आणि पुढच्याही वर्षी नाही. वर्गातील एका मुलाचे विज्ञान कसे संपते, याचे मला ठाऊक असलेले सर्वांत स्वच्छ उदाहरण हे आहे आणि त्यातला अपराधी मी आहे.

पाया म्हणजे काय, हे थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण 'मूलभूत संकल्पना' हा शब्द अहवालांतून इतका फिरला आहे की त्याची कड झिजून गेली. एक दोरा घ्यावा, त्याला एक दगड बांधावा आणि दाराच्या चौकटीला टांगावा. टांगलेल्या जागेपासून दगडाच्या मध्यापर्यंत एक मीटर भरू द्यावे. वीस पूर्ण हेलकावे मोजावे. घड्याळात चाळीस सेकंद होतात. दगड बदलून दुप्पट जड बांधावा. मुलांना आधी विचारावे की आता काय होईल. बहुतेक मुले सांगतील, जड दगड लवकर येईल. काही म्हणतील, उशिरा येईल. पुन्हा मोजावे. पुन्हा चाळीसच. वर्गात जी शांतता पसरते ती ज्याने अनुभवली त्यालाच विज्ञान शिकविण्याचे सुख कळते. मग म्हणावे, आता मला वीस सेकंद हवे आहेत, दोरा किती ठेवू? सगळा वर्ग एका सुरात 'अर्धा मीटर' म्हणेल. अर्ध्या मीटरला अठ्ठावीस सेकंद येतात. मुले म्हणतात मोजण्यात चूक झाली, पुन्हा मोजा. मोजतात, भांडतात, आणि पाव मीटरवर येऊन थांबतात. दोरा, दगड आणि एक मनगटी घड्याळ. या तासाभरात मूल तीन गोष्टी शिकते: स्वतःच्या खात्रीवर संशय घ्यायला, शेजाऱ्याचे मोजमाप तपासायला, आणि शिक्षकाच्याही आधी निसर्गाला विचारायला. सूत्र मागाहून येते आणि आल्यावर ते ओझे वाटत नाही.

जडत्वाचेही तसेच. बैल थांबले की गाडी थांबते, म्हणून गती टिकवायला सतत जोर लागतो, असे ॲरिस्टॉटलला वाटले. आपल्या प्रत्येक मुलाला तसेच वाटते, आणि त्यात मुलाचा वेडेपणा काही नाही. दोन हजार वर्षे शहाण्या माणसांना तसेच वाटत होते. गाडी थांबते ती चाकाच्या आसातील आणि रस्त्याच्या घर्षणामुळे, ते नसते तर ती चालतच राहिली असती, हे म्हणायला डोळ्यांना दिसते त्याच्या पलीकडे जाण्याचे धैर्य लागते. ज्या मुलाने ही एक उडी स्वतःच्या बुद्धीने मारली, त्याला पुढे 'जगात असेच चालत आले आहे' असे सांगून गप्प बसविणे अवघड जाते. आपल्या चळवळीला या उडीत रस नसेल तर कशात असावा?

आणखी एक उदाहरण देतो, कारण ते आपल्या वाचकांच्या घरचे आहे. नववीच्या पुस्तकात कार्याची व्याख्या येते. बल लावून वस्तू बलाच्या दिशेने सरकली तरच कार्य झाले. या व्याख्येप्रमाणे पन्नास किलोचे पोते जमिनीवरून एक मीटर उचलले तर सुमारे ४९० ज्यूल कार्य होते. पण तेच पोते डोक्यावर घेऊन हमाल तासभर उभा राहिला तर त्याने पोत्यावर केलेले कार्य शून्य. हे शिकविताना बाजार समितीत राबणाऱ्या एका हमालाचा मुलगा उठून म्हणाला, "म्हणजे माझा बाप काहीच करत नाही?" पुस्तक त्याला उत्तर देत नाही. शिक्षकाने दिले पाहिजे. सांगितले पाहिजे की शास्त्राने 'कार्य' हा शब्द एका मापापुरता बांधून घेतला आहे. तुझ्या बापाच्या श्रमाचे ते माप नव्हे. त्याचे स्नायू पोते तोलून धरताना क्षणोक्षणी आखडत आणि सैल होत असतात, त्यात भाकरीतून मिळालेली ऊर्जा जळते, तिची उष्णता होते, म्हणून तो घामाघूम होतो. एवढे सांगितले की कार्य, ऊर्जा आणि उष्णता या तिन्ही कल्पना एका जिवंत प्रश्नाभोवती उभ्या राहतात. (१९६९ सालचा माथाडी कायदा करणाऱ्यांनी ज्यूलमध्ये हमाली मोजली नाही, हे नशीबच, एखाद्या व्यापाऱ्याच्या वकिलाने नववीचे पुस्तक न्यायालयात नेले असते!) मराठीत काम, श्रम, कार्य हे तीन शब्द वेगवेगळे आहेत. ही आपल्या भाषेची श्रीमंती आहे. तिचा उपयोग करून घ्यायचे सोडून आपण मुलांना 'वर्क' शिकवू लागलो.

भाषेचा प्रश्न आला आहे तर तोही बोलून टाकू. मराठी शाळा टिकाव्यात म्हणून 'सेमी इंग्रजी'चा मार्ग निघाला, आणि गणित व विज्ञान हे दोनच विषय इंग्रजीतून शिकविले जाऊ लागले. म्हणजे विचार करण्याची भाषा एक आणि ज्या विषयांत विचाराची सर्वाधिक गरज ते विषय दुसरीत. पालकांची अगतिकता मी समजू शकतो. त्यांना नोकरीच्या बाजारात इंग्रजीची किंमत दिसते. परंतु गॅलिलिओने आपले दोन्ही प्रमुख ग्रंथ पंडितांच्या लॅटिनऐवजी मुख्यतः इटालियनमध्ये लिहिले, याचा अर्थ काय, याचा विचार इंग्रजीचा आग्रह धरणाऱ्यांनी करावा. पण मराठीच्या अभिमान्यांनीही फार खूश होऊ नये. आपली मराठी पाठ्यपुस्तके ज्या बोजड भाषेत लिहिली जातात, ती कष्टकऱ्यांच्या मुलाला इंग्रजीइतकीच परकी आहे. १९७४ साली मुंबईत स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने हे अभ्यासून दाखविले. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई महानगरपालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर काही वर्षे काम केले, आणि मुलांची अडचण बुद्धीची नसून पुष्कळ अंशी पुस्तकी भाषेची आहे, ती दूर केली की हीच मुले विज्ञानात पुढे येतात, असा निष्कर्ष मांडला. खेड्यातील शाळांसाठी जळगाव जिल्ह्यातील खिरोदा येथेही या केंद्राने असेच काम केले. हे सारे महाराष्ट्रात घडले. किती शिक्षक आमदारांना ते माहीत आहे, हे विचारून पाहावे.

पैसा नाही, साहित्य नाही, हे दुसरे रडगाणे. त्याचे उत्तर मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्याने दिले. १९७२ साली किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तेथील सोळा सरकारी माध्यमिक शाळांत सहावी ते आठवीच्या मुलांना प्रयोगांतून विज्ञान शिकविण्यास आरंभ केला. मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्था सोडून खेड्यात गेलेले अनिल सद्गोपाल हे त्यामागे होते. दिल्ली विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक तेथे येऊन मुलांसाठी प्रयोग रचीत आणि शाळामास्तरांबरोबर सतरंजीवर बसून ते करून पाहत. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत गेला, १९८२ मध्ये त्यासाठी एकलव्य ही संस्था उभी राहिली. 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकांत उत्तरे नव्हती, प्रयोग आणि प्रश्न होते. परीक्षेला पुस्तक जवळ ठेवण्याची मुभा होती, कारण पाठ करण्यासारखे त्यात काही नव्हते. प्रत्येक मुलाला प्रयोग करूनही दाखवावा लागे. मुले 'सवालीराम' या काल्पनिक गृहस्थास पत्रे लिहून मनातल्या शंका विचारीत, आणि त्यांना उत्तरे येत. काड्यापेट्या, सायकलच्या ट्यूबचे व्हॉल्व्ह, बाभळीचे काटे यांतून केवढी प्रयोगशाळा उभी राहते, हे पुण्याच्या अरविंद गुप्तांनी याच कार्यक्रमात शिकून पुढे देशभर दाखविले.

हे काम तीस वर्षे चालले. सुमारे हजार शाळांपर्यंत पोहोचले. आणि २००२ साली राज्य सरकारने ते एका आदेशाने बंद केले. सरकार काँग्रेसचे होते, बंद करण्याची मागणी लावून धरणाऱ्यांत भाजपचे स्थानिक लोक होते. या एका बाबतीत दोघांचे एकमत झाले. मुले पुढे बोर्डाच्या परीक्षेत मागे पडतात, अशी तक्रार होती. म्हणजे पाठांतराच्या परीक्षेत विचार करणारे मूल मागे पडले, तर परीक्षा बदलायची नाही, विचार बंद करायचा. देशातील अनेक नामवंत शास्त्रज्ञांनी निषेध केला. परंतु जिल्ह्यातील शेतकरी, मजूर, ज्यांची मुले त्या शाळांत होती, ते मोठ्या संख्येने रस्त्यावर आले नाहीत. वीज दरवाढीला जे येतात, ते याला का आले नाहीत? होशंगाबादचा खरा धडा मला येथे दिसतो, आणि तो शास्त्रज्ञांसाठी नसून आपल्यासाठी आहे. विज्ञान शिक्षण हा लोकांचा हक्क आहे, हे लोकांत जाऊन सांगण्याचे काम कुठल्याच पक्षाने केले नव्हते. शिक्षक आणि प्राध्यापक यांच्या खांद्यावर ते सोपवून आपण मोकळे झालो होतो.

ही उदासीनता अजून गेलेली नाही. २०२२-२३ च्या सुमारास राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेने 'ओझे कमी करण्याच्या' नावाखाली पाठ्यपुस्तकांना कात्री लावली. दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळली गेली, त्यावर देशभर आवाज उठला आणि उठायलाच हवा होता. परंतु त्याच कात्रीने दहावीच्या पुस्तकातून विद्युत मोटर, विद्युतचुंबकीय प्रवर्तन आणि जनित्र हे भागही गेले, ऊर्जेच्या स्रोतांचा धडा गेला. त्याबद्दल आपल्यापैकी कितीजण बोलले? डार्विन वगळणे हा धर्मांधांचा हल्ला म्हणून आपल्याला तत्काळ ओळखू येतो. फॅरडे वगळणे हा कुणाचा हल्ला ते ओळखू येत नाही, म्हणून तो खपून जातो. दहावीनंतर शाळा सोडणारे मूल, म्हणजे पुन्हा आपलेच मूल, गिरणीत, वर्कशॉपात, शेतात आयुष्यभर मोटारीशी झुंजणार. ती का फिरते हे मात्र त्याला कुणी सांगणार नाही. आणि हा मायकेल फॅरडे कोण होता? लंडनमधील लोहाराचा मुलगा. शाळा जेमतेम. चौदाव्या वर्षी पुस्तक बांधणाऱ्याकडे उमेदवारीला लागलेला. बांधायला आलेली पुस्तके वाचून तो विज्ञान शिकला, १८१२ मध्ये हम्फ्री डेव्हीची व्याख्याने ऐकून त्याने टिपणे काढली, ती बांधून डेव्हीला पाठविली आणि प्रयोगशाळेत मदतनिसाची जागा मिळविली. १८३१ साली त्याने वेटोळ्यात चुंबक सरकवून वीज निर्माण केली. आज घराघरांत येते ती वीज बहुतांशी त्याच तत्त्वाने निर्माण होते. गणित त्याला फारसे येत नव्हते. २० गुणांचा शेरा त्याच्या गुणपत्रिकेवर नक्कीच पडला असता.

आणि ज्यांच्या गुणपत्रिकेवर शंभरापैकी नव्याण्णव असतात त्यांना तरी भौतिकशास्त्र मिळाले, असे समजू नये. लातूर असो वा कोटा, दोन वर्षे सकाळपासून रात्रीपर्यंत प्रश्नपत्रिका सोडविणारा मुलगा दोन मिनिटांत उत्तर ओळखायला शिकतो. नाव कुठल्या तरी कनिष्ठ महाविद्यालयात, शरीर क्लासमध्ये; दोलक त्याने कधी टांगलेला नसतो. प्रवेश परीक्षेच्या दाराशी उभे राहून लाखोंतून काही हजारांना आत घेण्याचे यंत्र म्हणून आपण भौतिकशास्त्र वापरतो. चाळणीला धान्याची चव कळत नाही. एका टोकाला शेरा, दुसऱ्या टोकाला क्लासची फी, आणि मधल्या मधे विषय नाहीसा, अशी ही स्थिती आहे. फी भरणाऱ्या बापाची लूट आपल्याला दिसते. त्या मुलाचीही लूट झाली आहे, हे दिसत नाही.

आता थोडे आपल्याविषयी. वैज्ञानिक दृष्टिकोन हा आपल्या भाषणांतला लाडका शब्द आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो नागरिकांच्या कर्तव्यांत आला आणि आपण त्याचा अभिमानाने उल्लेख करतो. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी २०१३ साली प्राण दिले, त्या कामाचे मोल कमी करण्याचा माझा हेतू स्वप्नातही नाही. पण आपल्या सामान्य शिबिरांत काय होते? बुवाचा चमत्कार रसायनाने करून दाखविला जातो, मुले टाळ्या वाजवितात, आणि वक्ता सांगतो की विज्ञान असे म्हणते. मुलाने काल बुवाचे ऐकले, आज वक्त्याचे ऐकले. त्याच्या स्वतःच्या हाताने काही मोजले गेले नाही. 'बाबावाक्यं प्रमाणम्' हे सूत्र कायम राहिले, फक्त बाबा बदलला. उद्या अधिक गोड बोलणारा तिसरा आला, आणि प्राचीन काळी आपल्याकडे विमाने होती असे सांगू लागला, तर हे मूल त्याला काय विचारणार? हवेचा दाब स्वतः अनुभवलेले मूल विचारील की ते विमान वर कशाने राहत होते. पाठ केलेले मूल टाळी वाजवील.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की माध्यमिक शाळेतील भौतिकशास्त्र हा शिक्षणखात्याचा अंतर्गत प्रश्न समजून आपण बाजूला राहता कामा नये. रिक्त पदांचा प्रश्न आपण नोकरीच्या अंगाने मांडतो. तो मुलांच्या अंगाने मांडला पाहिजे. आपल्या तालुक्यात विज्ञानाचा स्वतंत्र शिक्षक नसलेल्या माध्यमिक शाळा किती, प्रयोगशाळेचे कपाट महिन्यातून किती वेळा उघडते, दहावीच्या वीस गुणांच्या प्रात्यक्षिक परीक्षेत मुले खरोखर प्रयोग करतात की गुण नुसते वाटले जातात, याची पाहणी करायला कुणाची परवानगी लागत नाही. गावचा पंप दुरुस्त करणारा, वायरमन, गवंडी यांना शाळेत बोलावून मुलांपुढे उभे करायला संस्थाचालकांची परवानगी लागेल. ती मिळविण्यासाठी थोडे भांडावे लागेल, तर भांडावे. गवंडी नळीत पाणी भरून दोन भिंतींची पातळी साधतो, ती का साधते, हे मुलांनी त्याला विचारावे आणि त्याला सांगता आले नाही तर दोघांनी मिळून शोधावे. शिक्षक मंडळींपैकी जे आपल्याबरोबर आहेत त्यांची संख्या आपण समजतो त्यापेक्षा मोठी आहे, पण त्यांना एकटे पाडले गेले आहे. एखाद्या शिक्षकाने पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून मुलांना विहिरीवर नेले आणि त्याबद्दल त्याला कारणे दाखवा नोटीस आली, तर त्याच्या पाठीशी उभे राहायला आपले चार कार्यकर्ते कचेरीत गेल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तालुक्या-तालुक्यांत मुलांची शिबिरे भरतील. व्याख्यात्यांची नावे ठरली असतील, गाणी ठरली असतील. प्रत्येक शिबिराच्या सामानाच्या यादीत सतरंज्या आणि ध्वनिक्षेपकाच्या खाली एवढे आणखी लिहावे: दोऱ्याचे एक रीळ, मीटरपट्टी, सेकंदकाटा असलेले घड्याळ, आणि दहा मीटरहून थोडी अधिक लांबीची पारदर्शक प्लास्टिकची नळी. नळी आधी पाण्याने पूर्ण भरून, वरचे तोंड घट्ट बंद करून, खालचे तोंड पाण्याच्या बादलीत बुडवून ती शाळेच्या तिसऱ्या मजल्यावरून वर ओढायची आहे. तिसरा मजला नसेल तर गावच्या पाण्याची टाकी चालेल. वर चढायला एक जबाबदार मोठा माणूस मात्र सोबत हवा. पाणी कुठे थांबते ते खालच्या मुलांनी मोजायचे. व्याख्यान त्यानंतर ठेवावे.